तीन पूर्णांक एक

सेत्तिमिओच्या डाव्या कानानं मागच्या हिवाळ्यात राजीनामा दिला.
उजवा अजून कामावर येतो, पण उशिरा.
म्हणून मी, ओर्नेल्ला, त्याच्या बहिणीची नात,
आंकोनाला वॉशिंग मशीनच्या मोटारींची सर्किटं तपासणारी,
एका शनिवारी कास्तेलफिदार्दोला आले
बुटांच्या खोक्यात एक हिरवी पाटी घेऊन.
पाटीवर नखाएवढी चिप,
शेजारी मसुराएवढा मायक्रोफोन.

"ही ऐकते?"
ऐकत नाही, आजोबा. मोजते.
"मग करवसुलीवालीच की."

सेकंदाचे सोळा हजार तुकडे करायचे,
प्रत्येकाची उंची टिपून ठेवायची.
मग त्या लाटेची नक्कल लाटेवरच अंथरायची
आणि सरकवायची, जरा, आणखी जरा,
शिंप्यानं चौकड्याच्या कापडावर
चौकड्याचाच खिसा जुळवावा तशी.
रेघेला रेघ भिडली की थांबायचं.
किती सरकलो, त्यावरून सूर.

"आणि एक चौकट सोडून पुढच्या चौकटीवर बसला तर?"
मी गप्प.
दोन महिने त्याच चुकीशी झटत होते मी.
तिथंही जुळतंच सगळं,
आणि चिप बिनदिक्कत एक सप्तक खाली सांगते.
त्यानं कानस उचलली, पुसली, पुन्हा ठेवली.
"आमच्या वेळी एवढ्यावर पोराला घरी धाडायचे."

खर्जाला वेळ लागतो.
जाड पत्तीची एक लाट पुरी व्हायलाच अठरा मिलिसेकंद,
आणि खात्रीसाठी दुसरीची वाट पाहायची.
हे मात्र त्याला पटलं.
"माझा बाप असाच बोलायचा.
सूप निवून जायचं."

रात्री तो झोपायला गेला. मी पाटी चालूच ठेवली.
भात्याची हवा संपलेली, सगळ्या पत्त्या गप्प,
तरी स्क्रीनवर अक्षरं उजळली:
सोल, पस्तीस सेंट चढा.
कोण वाजवतंय?
कोपऱ्यातला फ्रिज.
आत अर्धी सलामी, मेणाची वडी,
आणि कानात घालायचे थेंब, सील न फोडलेले.

रविवारी त्यानं माझ्यापुढं एक जुना अ‍ॅकॉर्डियन ठेवला.
एका बटणामागं दोन पत्त्या, दोन्ही 'ला'.
चिप म्हणाली चारशे चाळीस.
लगेच म्हणाली चारशे त्रेचाळीस.
मग चाळीस. मग त्रेचाळीस.
माशी खिडकीवर आपटावी तसा आकडा नाचत राहिला.
मला लाज वाटली. मी म्हटलं, सरासरी काढते.

"खबरदार," तो म्हणाला.

मग त्यानं माझा तळवा पेटीच्या लाकडावर दाबून धरला
आणि भाता हळूच उघडला.
हाताखाली काहीतरी फुगत होतं, ओसरत होतं,
सेकंदाला तीनदा, तीनहून थोडं जास्त.
दोघींत मुद्दाम ठेवलेलं अंतर.
"आता मला हे इथूनच कळतं," मनगट दाखवत तो म्हणाला,
"आणि मनगट सकाळी एक सांगतं, जेवल्यावर दुसरं."

मी दुपारभर कोड बदलत बसले.
सूर कुठला ते विचारायचंच नाही,
दोन सुरांमधली थरथर तेवढी मोजायची.
बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं
आणि शिट्टी वाजवत होतं, बेसूर,
किती बेसूर तेही मला कळत होतं.

संध्याकाळी स्क्रीनवर एकच आकडा राहिला:
३.१
त्यानं चष्मा वर केला, आकडा वाचला.
वरच्या पत्तीच्या मुळाशी कानस एकदा, अगदी एकदाच फिरवली.
मुळाशी घासलं की सूर उतरतो.
३.०
मला वाटलं, झालं. गोल आकडा. मी खोकं शोधायला उठले.

त्यानं मान हलवली.
पत्ती चिमटीत धरली, टोकाशी वाकला,
श्वास रोखून घासली
आणि पुन्हा भाता उघडला.
३.१
"हं," तो म्हणाला,
आणि पुढच्या बटणाकडं वळला.